अंगठ्याचं ‘वाढलेलं’ हाड : पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं अंगठ्याच्या मुळाशी गाठ आली की ‘हाड वाढलंय’ असंच म्हणतात. काहीजण तिला कुरूप समजून ब्लेडनं सोलत बसतात. कुरूप म्हणजे घट्ट झालेली कातडी. इथं दुखणं कातडीचं नसतं आणि मुख्य बिघाड हाड वाढण्याचाही नसतो. पावलातलं पहिलं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेनं सरकतं, अंगठा शेजारच्या बोटावर कलतो आणि मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. हा कल साधारण 15 अंशांपुढं गेला की डॉक्टर त्याला दोष मानतात.

शब्द चुकला की मागणीही चुकते. ‘डॉक्टर, तेवढं हाड घासून द्या.’ नुसतं घासलं तर हाडांची दिशा तीच राहते आणि काही वर्षांत गाठ पुन्हा डोकं वर काढते.

उलट टोकाच्या चुकाही झाल्या. 1904 मध्ये अमेरिकेत मांडलेल्या पद्धतीत अंगठ्याच्या बुडाचा हाडाचा तुकडाच काढत. ठणका थांबे, पण अंगठा आखूड आणि ढिला होऊन वर उचलला जाई. चालताना भार दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या मुळाशी पडे, तिथं घट्टे होत. 1928 च्या पद्धतीत सांध्याखालचं वाटाण्याएवढं हाडही काढत. त्यानं काही रुग्णांचा अंगठा भलत्याच बाजूला वळला: आधी ‘हॅलक्स व्हॅल्गस’ (अंगठा शेजारच्या बोटाकडं कललेला), नंतर ‘हॅलक्स व्हॅरस’ (अंगठा दुसऱ्या पायाकडं वळलेला). पुढं ते हाड जागेवरच ठेवू लागले. माझ्या मते हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

1980 नंतर हाड कापून, सरकवून, स्क्रूनं बसवण्याच्या पद्धती रुळल्या. परिणाम सुधारले, तरी दोष परतणं, बोट ताठरणं, हाड न जुळणं पूर्ण थांबलेलं नाही.

आपल्याकडं हे चपलेत कळतं. अथणी-निपाणीकडच्या कोल्हापुरीला चामड्याचा ‘अंगठा’ असतो. आखूड झालेलं बोट त्यातून निसटतं, बाहेर वळलेलं आत शिरतच नाही. बाई चप्पल हातात घेऊन उंबऱ्यावरच थांबते.

म्हणून शस्त्रक्रियेच्या संमतीच्या कागदावर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा: एक्स-रे उभं राहून काढलाय का (झोपून काढलेल्यात कल कमी दिसतो), आणि हाड नुसतं घासणार की सरळ करणार. कागद कन्नडमध्ये असला तर तो मराठीत वाचून घ्या.