फ्रेंच शब्द नेमका संपतो कुठे?

'महिनाभरात फ्रेंच बोला' छापाच्या जाहिराती शब्द पाठ करायला लावतात. गंमत अशी की फ्रेंच माणूस सुटे शब्द बोलतच नाही.

'पती' म्हणजे छोटा, 'आमी' म्हणजे मित्र. 'पती'च्या लेखनात शेवटी एक 'त्' असतो, एरवी मुका. पुढे स्वर आला की तो जागा होतो आणि आपलं घर सोडून पुढच्या शब्दात जाऊन बसतो: प-ती-ता-मी. (अर्थ 'प्रियकर'. मराठी कानाला यात पतीही ऐकू येतो आणि पतितही, त्याला इलाज नाही.) मुळात उच्चारलं जाणारं व्यंजनही असंच सरकतं. 'आवेक' म्हणजे सोबत, 'एल' म्हणजे ती. दोन्ही मिळून आ-वे-केल.

कारण फ्रेंचचा ओढा स्वरावर संपणाऱ्या अक्षराकडे आहे. इथे अक्षर म्हणजे लिपीतलं नव्हे, एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा. आपल्या वृत्तांत 'पत्र'मधला 'प' गुरू होतो, कारण आपण पत्-र असं तोडतो. फ्रेंच 'पात्रों' (मालक) मात्र पा-त्रों असा तुटतो. 'त्र' अख्खा पुढे जातो. 'पार्ले' (बोलणे) मध्ये तसं होत नाही, तिथे पार्-ले. म्हणजे क, त, प यांसारख्या स्पर्शव्यंजनामागून र किंवा ल आला तर जोडी सहसा फुटत नाही, उलट क्रम असेल तर फुटते.

हे वाचून कुणी 'ही तर आमचीच संधी, इथूनच गेली' म्हणेल. नाही हो. जुन्या फ्रेंचमध्ये शब्दान्ती व्यंजनं उच्चारली जात; पुढे ती झडली आणि स्वरापूर्वी तेवढी तगली. त्यातही अपवाद आहेत. 'ले एरो' म्हणजे वीरपुरुष. तिथे 'ले'चा मुका शेवट 'झ्' म्हणून जोडलात तर 'ले झेरो', सगळे शून्य!

आघाताचंही (बोलताना अक्षरावर येणाऱ्या भाराचंही) तेच. तो शब्दाचा नसतो, शब्दगटाचा असतो, आणि गटाच्या शेवटच्या पूर्ण अक्षरावर पडतो. जोरापेक्षा लांबीने जास्त कळतो. नुसतं 'बोंजूर' म्हटलं तर 'जूर' लांबतं. 'बोंजूर मादाम' म्हणताच लांबी 'दाम'कडे जाते, 'जूर' सपाट. फ्रेंच जिच्यातून आली त्या लॅटिनमध्ये 'सिवितातेम'चा आघात 'ता'वर होता. त्याच्या नंतरचं सगळं झिजलं, उरलं 'सिते', म्हणजे शहर. आघात शेवटी गेला नाही, शेवटच त्याच्यापाशी आला.

1997 मध्ये संशोधक इमॅन्युएल द्युपू आणि सहकाऱ्यांनी केवळ आघाताने वेगळे असलेले बनावट शब्द फ्रेंच आणि स्पॅनिश भाषकांना ऐकवले. स्पॅनिश भाषकांना फरक सहज कळला. फ्रेंच भाषक अडखळले.