घोडी, कुदुरे, ब्रिज, सॅडल: हाडाच्या एका पट्टीमागची पार्श्वभूमी

बेळगावात क्लासिकल गिटारचं सॅडल, म्हंजे ब्रिजच्या खाचेतली तारा टेकतात ती पट्टी, उतरवून म्हंजे घासून बुटकं करून द्या असं कुणाला सांगायचं तर आधी भाषेचा प्रश्न सोडवावा लागतो, मग हत्यारांचा. इथं हे काम कसं रुजलं आणि कुठं बिघडलं ते बघायला गेलं की दरवेळी गाडी शब्दांपाशीच येऊन थांबते, म्हणून तिथंच जरा जास्त वेळ घालवणार आहे.

जुना भाग थोडक्यात. 17व्या शतकातल्या पाच जोड तारांच्या गिटारला सॅडल नव्हतंच, आतड्याच्या तारा सरळ ब्रिजच्या लाकडाला बांधायच्या, त्यामुळं उंची कमीजास्त करायला काढण्यासारखं काही नव्हतं, पडदे, म्हंजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्या, तेसुद्धा आतड्याचेच बांधलेले. 19व्या शतकात वेगळी पट्टी आली आणि 1817 मध्ये अल्मेरियात जन्मलेल्या आंतोनिओ दे तोरेस या स्पॅनिश कारागिरानं जो साचा बसवला तोच आजपर्यंत चालतो: 650 मिमीची तार, मागं गाठी बांधायचा ठोकळा, पुढं खाचेत हाडाची पट्टी. ती पट्टी चिकटवत नाहीत, तारांच्या दाबानं बसते, तारा सैल केल्या की निघते. एवढं लक्षात ठेवा, पुढचा सगळा गोंधळ यावरच आहे.

आता आमच्याकडचं. तंतुवाद्याच्या दुरुस्तीची या भागातली समज मिरजेकडून आलेली आहे, सतार-तंबोऱ्याचं गाव, 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं त्यांना, आणि बेळगावहून रेल्वेनं सरळ जाता येतं. तिथं तबलीवर, म्हंजे वाद्याच्या पुढच्या लाकडी फळीवर, तारा उचलून धरायला जे उभं असतं ती घोडी. इथल्या कन्नड मंडळींत त्यालाच कुदुरे म्हणतात, त्याचा अर्थही घोडाच. म्हंजे दोन्ही भाषांत प्राणी एकच, आणि वस्तूही एकच, कारण सतारीची घोडी म्हंजेच ब्रिज आणि सॅडल दोन्ही, तिच्यात वेगळी पट्टी नाही, तार थेट तिच्या माथ्यावरनं जाते. गिटार आली तेव्हा हा शब्द दोन भागांवर वाटायचा राहून गेला. कुणी अख्ख्या लाकडाला घोडी म्हणतं, कुणी फक्त पांढऱ्या पट्टीला, आणि इंग्रजी वाचलेले सॅडल म्हणतात ज्याचा अर्थ खोगीर, म्हंजे घोडीवरचं खोगीर, जे खरं तर फार नेमकं आहे पण कुणी तसं बोलत नाही.

हा नुसता शब्दांचा वाद नाही. 1990 च्या दशकात माझी पहिली बरी गिटार मी एका दुकानात दिली, म्हटलं घोडी जरा उतरवा, तार उंच आहे. त्या माणसानं ती सतारीसारखी सुटी असणार असं धरलं, सुटेना म्हणून गरम करून उचकटली, तबलीला चिकटवलेला लाकडी ब्रिज रेषे घेऊनच निघाला. पट्टी तशीच खाचेत बसलेली! त्याला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, त्याच्या वाद्यात घोडी सुटीच असते. पण तबली परत तशी झाली नाही, अजून वाईट वाटतं.

स्पॅनिश लोक याला सरळ हुएसो म्हणतात, म्हंजे हाड. आमच्या कॅम्पातले काही गोव्याकडचे जुने वादकही हाडच म्हणायचे. माझं मत आहे की मराठीत हाच शब्द धरावा, ब्रिजला ब्रिज, पट्टीला हाड, आणि घोडी सतारीला सोडून द्यावी. पट्टी प्लास्टिकची असली तरी हाडच म्हणा, काही बिघडत नाही. (हस्तिदंत तर 1989 च्या आंतरराष्ट्रीय बंदीनंतर संपलंच, आता म्हशीचं हाड किंवा कृत्रिम.)

दुसरी सवयही मिरजेच्याच वाटेनं आली. सतारीची जवारी घोडीच्या माथ्यावर काढतात, रुंद माथा हळूहळू घासून असा बारीक उतार द्यायचा की तार त्याला चाटत जाईल आणि झंकार येईल. गिटारला नेमकं उलटं पाहिजे, तार एका कडेवरनं स्वच्छ सुटली पाहिजे, चाटली की सतारीसारखी झणझण होते आणि तो इथं दोष. म्हणून उंची कमी करायची तर हाडाचं बूड घासायचं, माथा नाही. पण इथल्या हातांना माथाच घासायची सवय, आणि 1990 ते 2010 मधल्या इथल्या कितीतरी गिटारी मी बघितल्यात ज्यांच्या हाडाच्या माथ्यावर कानशीचे आडवे चरे आहेत. काही जाणकार आजही माथाच घासा म्हणतात, बूड तिरकं झालं तर हाड पुढं झुकतं हे त्यांचं म्हणणं खरं आहे, पण काचेवर पॉलिश पेपर चिकटवून हाड उभं धरून घासलं तर ते होत नाही. माथ्यावर तर बऱ्याचदा तिसऱ्या तारेसाठी मागं ओढलेली कडही असते. ती नायलॉनमुळं आली: दुसऱ्या महायुद्धात आतड्याच्या तारा मिळेनात, 1940 च्या दशकात नायलॉन आलं, ते आतड्यापेक्षा हलकं म्हणून त्याच ताणाला तार जाड लागते, आणि ती जाड तिसरी तार पडद्यावर दाबली की सुरापेक्षा चढी बोलते. माथा घासला की ही कड जाते.

हिशोब सोपा आहे, बाराव्या पडद्यापाशी तार 1 मिमी खाली पाहिजे तर हाडाचे 2 मिमी घासायचे. त्या पडद्यापाशी जाड ई (सहाव्या) तारेखाली साधारण 4 मिमी अंतर ठेवायचं, बारीक ई (पहिल्या) तारेखाली 3.

2016 नंतर मोबाईल डेटा स्वस्त झाला आणि सगळे व्हिडिओ बघून स्वतः करायला लागले, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर दुकानं बंद म्हणून अजूनच. पण व्हिडिओ बहुतेक स्टीलच्या तारांच्या गिटारचे, तिथला 2 मिमीचा आकडा नायलॉनला लावला की तार पडद्याला आपटते, कारण नायलॉन जास्त डुलतं. त्या वर्षी जास्त घासलेल्या हाडांखाली व्हिजिटिंग कार्डाच्या पट्ट्या घालून दिलेल्या मला आठवतात. तात्पुरतं चालतं, पण हाडाखाली आवाज उचलणारा इलेक्ट्रिक पिकअप असेल तर एका तारेचा आवाज मोठा, एकीचा बारीक.

आणि आमच्या जिल्ह्याची हवा. खानापूरला पावसाळ्यात तबली फुगते, तार वर जाते, अथणीकडं उन्हाळ्यात तीच गिटार आवळते आणि तार खाली येऊन खरखरते. जुलैत उंच वाटली म्हणून घासलेलं हाड एप्रिलमध्ये हमखास कमी पडतं. त्यामुळं मी आता घासायला आलेल्यांना आधी महिना विचारतो, आणि मूळ हाडाला हात न लावता दुसरं करून देतो. माझ्या गिटारच्या केसमध्ये दोन हाडं असतात, मृगाचा पाऊस लागला की बुटकं, संक्रांत झाली की उंच, तारा एकेक करून सैल करायच्या आणि फडकं गुंडाळलेल्या पकडीनं सरळ वर ओढायचं.