मंद नाडीमागची दोनशे वर्षे

तालमीत घाम गाळलेल्या पैलवानाची नाडी विश्रांतीत मिनिटाला ५० लागली, तर कोल्हापुरात ती कमावलेल्या शरीराची खूण मानतात, आणि बहुधा ते बरोबरच असते. मात्र उसाच्या फडात भोवळ येऊन पडलेल्या सत्तरीतल्या माणसाची नाडी ३४ लागते, तेव्हा ‘वय झालं’ म्हणून तिकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतते.

थांबून थांबून चालणारी नाडी प्राणघातक असते, हे शार्ङ्गधर संहितेने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. अशा रुग्णाची शुद्ध हरपते ती मेंदूच्या नव्हे, तर हृदयाच्या दोषामुळे, याकडे डब्लिनच्या रॉबर्ट अॅडम्स यांनी १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये लक्ष वेधले. दोष हृदयात नेमका कुठे असतो, हे कळायला मात्र पुढची साठ वर्षे लागली. हृदयाचा ठोका पाडणारा विद्युतसंदेश वरून खाली जातो; विशेष म्हणजे हा शोध त्याच्या उलट दिशेने लागत गेला: टोकाचे तंतू पुर्किंये यांना १८३९ मध्ये दिसले, त्यांच्या वरचा जुडगा हिस यांना १८९३ मध्ये, कप्प्यांमधली गाठ तवारा यांना १९०६ मध्ये, आणि ठोका जिथे जन्मतो ती गाठ कीथ व फ्लॅक यांना सर्वांत शेवटी, १९०७ मध्ये सापडली. त्याच सुमारास आइन्थोव्हेन यांच्या यंत्राने हृदयाचा विद्युतप्रवाह कागदावर उतरू लागला. पूर्ण ब्लॉक असलेल्या, म्हणजे वरच्या कप्प्यांचा संदेश खाली पोहोचतच नसलेल्या रुग्णाची ईसीजीची (हृदयाच्या विद्युतप्रवाहाच्या आलेखाची) पट्टी आजही पाहावी: वरच्या कप्प्यांच्या लहान लाटा ८० च्या गतीने नेमाने येत राहतात, खालचे उंच ठोके ३५ च्या गतीने पडतात आणि दोहोंचा एकमेकांशी काहीही मेळ नसतो.

या ब्लॉकवर औषधाच्या गोळ्यांचा टिकाऊ उपयोग होत नाही. स्टॉकहोममध्ये ८ ऑक्टोबर १९५८ रोजी शल्यविशारद सेनिंग यांनी अभियंता एल्मक्विस्ट यांनी बनवलेला पेसमेकर, म्हणजे विजेच्या झटक्यांनी हृदयाला ठोके देणारे छोटे यंत्र, आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या रुग्णाच्या शरीरात बसवला. तो काही तासांतच बंद पडला, पण लार्सन पुढे वीसहून अधिक पेसमेकर बदलत २००१ पर्यंत जगले. सत्तरच्या दशकात लिथियमची बॅटरी आली आणि वारंवार कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया कमी झाल्या.

वेगवान ठोक्यांची कथा वेगळी आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर जादा ठोके दाबणाऱ्या काही औषधांनी मृत्यू उलट वाढतात, हे १९८९ मध्ये उघड झाले आणि दोषी जागाच कॅथेटरने (रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेलेल्या बारीक नळीने) जाळण्याच्या उपचाराकडे लक्ष वळले.

आज पेसमेकर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतूनही बसवता येतो. तरीही भोवळीचे रुग्ण फिट्सच्या किंवा अशक्तपणाच्या गोळ्या घेत महिनोन्‌महिने फिरतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण भोवळ आलेल्या माणसाचे मनगट धरून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायला घड्याळाशिवाय काहीच लागत नाही.