पडदा शाबूत, मग दोष नसेचाच?

'कानाचा पडदा चांगला आहे, मळही नाही, तरी मूल जन्मापासून कमी ऐकतं. म्हणजे नसच गेली, आता इलाज नाही.' हे वर्षानुवर्षं ऐकायला मिळतं, आणि ते चूक आहे.

पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं साखळीसारखी जोडलेली असतात. रिकीब जेमतेम 3 मिलिमीटरची, शरीरातलं सर्वांत लहान हाड. गर्भातच कधी तिचा तळ आतल्या कानाच्या खिडकीत घट्ट बसतो आणि हलत नाही, तर कधी ऐरणीचा लांब दांडा तयारच होत नाही. पडदा हलतो, पण हादरा आत पोचत नाही. नस मात्र ठणठणीत असू शकते.

थोड्या मोठ्या मुलाच्या कानामागच्या हाडावर कंप पावणारा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) टेकवा: हवेतून न कळलेला आवाज त्याला हाडातून कळतो. तान्ह्यांसाठी हाडामार्गे बेरा तपासणी असते, म्हणजे आवाजाला नस आणि मेंदूकडून येणारा प्रतिसाद मोजणं. असा दोष साधारण 60 डेसिबलपर्यंतच जातो, त्यामुळे श्रवणयंत्राचा फायदा चांगला होतो. काहींना शस्त्रक्रियाही चालते. आधी सीटी स्कॅन हवाच, कारण आतल्या कानाची रचना वेगळी असेल तर रिकिबीला हात लावणं धोक्याचं. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते, यंत्र नाही. भाषा शिकण्याचं वय कुणासाठी थांबत नाही.