पंपेच्या वाळवंटातली सभा : मारामण कन्व्हेन्शनची पार्श्वभूमी

चंद्रभागेचं वाळवंट ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना मारामणची जागा समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. केरळच्या पत्तनमतिट्टा जिल्ह्यात, कोझेनचेरी या बाजारगावाजवळ, पंपा नदीचं पाणी थंडी सरता सरता आटतं आणि मारामणच्या काठाला लागून वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो. दर फेब्रुवारीत या वाळूवर रविवार ते रविवार अशी आठ दिवस ख्रिस्ती सभा भरते, तेच मारामण कन्व्हेन्शन. भरवणारी मंडळी मार थोमा चर्चची. बसायला मात्र ऑर्थोडॉक्स येतात, जेकबाइट येतात, सीएसआयचे (चर्च ऑफ साउथ इंडियाचे), कॅथलिक, पेंटेकोस्टल आणि शेजारपाजारचे हिंदूही येतात. व्यासपीठावर अँग्लिकन बोलले आहेत, अमेरिकन मेथडिस्ट बोलले आहेत आणि कुठल्याच पंथाची चौकट न मानणारे भगव्या वस्त्रातले साधूही बोलले आहेत.

परिसरात चर्चच्या इमारती होत्या. तरीही ही सभा नदीच्या पात्रात का उतरली, याचं उत्तर पहिल्या सभेच्या साठ वर्षं आधी सुरू होतं.

मारामण हे अब्राहाम मल्पान यांचं गाव (१७९६–१८४५). मल्पान म्हणजे सिरियाक भाषा आणि उपासनाविधी शिकवणारा गुरू. केरळातले जुने ख्रिस्ती स्वतःला प्रेषित थोमाची परंपरा सांगत, पण त्यांची उपासना सिरियाकमध्ये चाले आणि बाकावरच्या माणसाला त्यातलं फारसं कळत नसे. १८१६ पासून अँग्लिकन मिशनरी कोट्टायमच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, शिकवायला आले, बेंजामिन बेली यांनी छापखाना उभा केला, १८२९ मध्ये मल्याळम नवा करार आणि १८४१ मध्ये पूर्ण बायबल छापून बाहेर पडलं. लोकांच्या हातात त्यांच्या भाषेतलं शास्त्र आलं, ही खरी उलथापालथ. मल्पानांनी उपासना मल्याळममध्ये आणली, मृतांसाठीच्या प्रार्थना वगळल्या आणि मारामणच्या जत्रेत मिरवली जाणारी संताची लाकडी मूर्ती विहिरीत टाकली. हे शेवटचं पाऊल आजही सगळ्यांना पटत नाही. पण सुधारणावादी (म्हणजेच पुढचं मार थोमा चर्च) आणि अंत्युखियाच्या पॅट्रिआर्कना, म्हणजे सिरियन चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूंना, मानणारे असे दोन तट कुठे पडले हे पाहायचं, तर सुरुवात इथून करावी लागते.

पुढची फूट कोर्टात गेली. सेमिनरी आणि चर्चची मालमत्ता कुणाची, यावर १८७९ मध्ये दावा दाखल झाला आणि १८८९ मध्ये त्रावणकोरच्या राजन्यायालयाने तीनपैकी दोन न्यायाधीशांच्या मताने निकाल सुधारणावाद्यांच्या विरुद्ध दिला. कोट्टायमची जुनी सेमिनरी गेली, बहुतेक चर्चेसही गेली. मारामण आणि कोझेनचेरी अशी मोजकी ठिकाणं हातात राहिली. सुधारणावाद्यांचे पदच्युत झालेले बिशप थॉमस मार अथानासियस १८९३ मध्ये वारले आणि जानेवारी १८९४ मध्ये त्यांच्या जागी तीतुस पहिले यांचा अभिषेक झाला.

पण कन्व्हेन्शन केवळ हरलेल्या लोकांनी काढलेली तोड होती असं समजणं चुकीचं ठरेल. निकालाच्या आधीच, सप्टेंबर १८८८ मध्ये, चेंगन्नूरजवळच्या कल्लिश्शेरीत काही सामान्य मंडळी एकत्र आली आणि बारा जणांच्या पुढाकाराने सुवार्ता प्रसारासाठी एक संघ स्थापन झाला. मार थोमा इव्हँजेलिस्टिक असोसिएशन ती हीच. आजही कन्व्हेन्शन हाच संघ भरवतो. धर्मप्रांताच्या कचेरीतून हुकूम निघून ही सभा सुरू झाली नाही, ही गोष्ट तिच्या स्वभावात अजून दिसते. मंडप, गायन, स्वयंसेवक अशी बरीच कामं सामान्य सभासद उचलतात.

अशा सभेचा नमुना बाहेरून आला, आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. इंग्लंडच्या सरोवर प्रदेशात केसविक या लहान गावी १८७५ मध्ये कॅनन हार्फर्ड-बॅटर्सबी हे अँग्लिकन पाळक आणि रॉबर्ट विल्सन हे क्वेकर पंथाचे सद्गृहस्थ यांनी तंबूत एक सभा भरवली. ‘ख्रिस्त येशूमध्ये सर्व एक’ हे तिचं ब्रीद. तिथे पंथांच्या वादाचे विषय बाजूला ठेवून पाप, शुद्धी, समर्पण, पवित्र आत्मा आणि सेवा या क्रमाने दिवस बांधले जात. ख्रिस्ती सभेला ‘कन्व्हेन्शन’ म्हणण्याची रीत जगभर पसरली ती मुख्यतः या केसविकमुळे. १८९८ मध्ये पंडिता रमाबाई तिथे गेल्या होत्या. बोलायला मिळालेल्या थोड्या मिनिटांत त्यांनी भारतातल्या ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा, आणि या देशातून एक लाख पुरुष व एक लाख स्त्रिया सुवार्तेसाठी उभ्या राहाव्यात, म्हणून प्रार्थना मागितली. १९०५ मध्ये रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात जे उज्जीवन, म्हणजे धार्मिक जागृती, झालं, त्याची मुळं शोधताना हा प्रसंग हमखास येतो. दक्षिणेत तिरुनेलवेलीचे अँग्लिकन मिशनरी थॉमस वॉकर आणि त्यांच्या सहकारी एमी कारमायकेल ही त्याच वळणाची माणसं. एमीबाईंचा खर्च तर केसविकनेच उचलला होता. वॉकर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मारामणला वारंवार येत, आणि दर सभेत शास्त्राचा एक भाग घेऊन तो ओळीने उलगडण्याची शिस्त बसली त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

पहिलं कन्व्हेन्शन मार्च १८९५ मध्ये झालं. तेव्हाच्या सिलोनमधून आलेले डेव्हिड आणि वर्ड्सवर्थ हे मुख्य वक्ते. नदीकाठच्या निवडीमागे व्यवहार होता. लोक वल्हवहोड्यांनी आणि पायी येत, त्यामुळे पात्र हाच रस्ता आणि तेच मैदान. पिण्या-आंघोळीचं पाणी हाताशी. वाळूवर जमिनीला शेण-सारवण लागत नाही, बैठक अंथरावी लागत नाही, चिखल होत नाही. आणि आमच्या मते सर्वांत मोठं कारण हे की या वाळूवर कुणा एका चर्चचा दावा नव्हता. सहा वर्षांपूर्वी ज्या लोकांनी एकमेकांविरुद्ध कोर्टात साक्षी दिल्या, ते एकमेकांच्या चर्चची पायरी चढले नसते. नदीत मात्र शेजारी शेजारी बसले.

आवाज ही सुरुवातीची मोठी अडचण होती. लाउडस्पीकर येण्यापूर्वी मंडपात ठराविक अंतरावर उंच चौथरे असत आणि त्यांवर खड्या आवाजाची माणसं उभी राहून वक्त्याचं वाक्य पुढे पोचवत. त्यात परदेशी वक्ता असेल तर आधी इंग्रजी वाक्य, मग दुभाष्याचं मल्याळम, मग ती आरोळी. लांबलचक, पोटवाक्यांचं भाषण या साखळीत तुटून जाई. म्हणून इथे टिकले ते छोट्या, सरळ वाक्यांत बोलणारे. १९१८ मध्ये साधू सुंदरसिंग बोलले. १९२० च्या दशकापासून पुढे कित्येक दशकं अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी ई. स्टॅन्ले जोन्स येत राहिले. गीतांची गोष्ट वेगळी. गाणं पोचवायला मधला माणूस लागत नाही, ओळ पकडली की मंडपभर पसरते. साधू कोचुकुंजू उपदेशी यांची मल्याळम गीतं कुठल्याही पंथाच्या घरात सापडतात.

मंडप आजही नारळीच्या झापांचा. कोकणातल्या वाचकाला कृती नवी नाही. झावळी मधोमध उभी चिरायची, पाण्यात भिजत ठेवायची, पाती मऊ झाली की विणायची. कोरडीच विणायला घेतली तर पाती चिरतात आणि झाप गळतो. झापांखाली उन्हाच्या वेळीही हवा खेळती राहते, पत्र्याखाली हजारो माणसं दुपारच्या सभेला बसूच शकणार नाहीत. सुकलेला झाप लगेच पेट घेतो, म्हणून मंडपाजवळ चूल आणि विडी कटाक्षाने दूर ठेवायची. वाळूत खांब रोवणं हेही कौशल्याचं. वरची कोरडी वाळू खांब धरत नाही, खालच्या ओलसर थरापर्यंत जावं लागतं, पण पाणी लागेल इतकं खोल गेलं तर खांब ढिला होतो. काठ आणि सभास्थान यांच्यामध्ये प्रवाह वाहत असेल तिथे तात्पुरता पूल बांधतात.

खरी काळजी आता नदीची आहे. १९६० च्या दशकात वर शबरीगिरी जलविद्युत प्रकल्प झाला, आणि वीजनिर्मितीनंतर सुटणारं पाणी कक्काड नदीवाटे पंपेला मिळू लागलं. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही मणियार बंधाऱ्याकडून येणारं पाणी वाढलं, की मारामणला वाळू बुडते. सभेच्या दिवसांत पाटबंधारे खात्याशी बोलून विसर्ग सांभाळावा लागतो. दुसरीकडे अनेक वर्षांच्या वाळूउपशाने पात्र खोल गेलं. २००१ च्या राज्य कायद्याने उपशाला लगाम घातला, पण गेलेली वाळू परत यायला नदीला फार वेळ लागतो. उरलेल्या पट्ट्यावर गाळ साचतो, गवत-झुडपं माजतात, आणि मंडपाआधी साफसफाईचं काम वाढतं.

स्त्रियांचा प्रश्न अलीकडे निघाला तोही इतिहासाचा भाग. रात्रीच्या सभेत स्त्रियांना प्रवेश नसे. अंधारात होडीने आणि पायवाटेने परतणं धोक्याचं, हे त्यामागचं जुनं कारण. रस्ते, दिवे, गाड्या आल्या तरी बंदी राहिली. २०१७ च्या सुमारास तिच्यावर उघड वाद झाला आणि पुढे सायंकाळची सभा लवकर घेऊन ती सर्वांना खुली झाली. हे आधीच व्हायला हवं होतं. १९१९ पासून सुविशेष सेविका संघम (सुविशेष म्हणजे सुवार्ता) या नावाने स्त्रिया या कामात संघटितपणे उभ्या आहेत.

मारामणच्या वाळूने शेजाऱ्यांनाही वाट दाखवली. काही मैलांवरच्या कुंबनाडला पेंटेकोस्टल मंडळींचं मोठं कन्व्हेन्शन भरतं. आणि याच पंपेच्या पात्रात, चेरुकोलपुझा इथे, १९१३ पासून हिंदूंची धर्मपरिषद भरते, साधारणपणे मारामणच्या आधीच्या आठवड्यात. तिचाही मंडप वाळूवरच असतो, आणि बंधाऱ्यातून पाणी सुटलं की दोन्हीकडचे कार्यकर्ते एकाच खात्याकडे धाव घेतात.