बाई कामावर येणार कशा? : 'द लाँग वॉक होम'मागचं माँटगोमेरी

'द लाँग वॉक होम' या सिनेमाच्या सुरुवातीलाच एक बाग आहे. ओडेसा कॉटर ही कृष्णवर्णीय मोलकरीण मालकिणीच्या मुलांना घेऊन तिथे गेलेली असते. पोलीस येतो आणि तिला हाकलून लावतो, कारण बाग गोऱ्यांची. मालकीण मिरियम थॉम्पसन ओळखी लावते, आणि त्या पोलिसाला घरी येऊन माफी मागावी लागते. प्रसंग छोटा आहे, पण लक्षात ठेवा. शेवटी पुन्हा बागेतच जायचं आहे.

रिचर्ड पिअर्स यांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा १९९० सालचा. ओडेसा झाली आहे व्हूपी गोल्डबर्ग आणि मिरियम झाली आहे सिसी स्पेसेक. दोघीही काल्पनिक, पण त्यांच्याभोवतीचं गाव आणि साल खरं : अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी, डिसेंबर १९५५. कृष्णवर्णीयांनी शहरातल्या बसवर बहिष्कार घातलाय, त्यामुळे ओडेसा मैलोन् मैल पायी कामावर येते. पाय सोलवटतात, उशीर होतो. मग मिरियम नवऱ्याच्या नकळत तिला गाडीतून आणू लागते. हे दिग्दर्शकाच्या डोक्यातून आलेलं नाही. माँटगोमेरीत हे खरोखर घडत होतं, आणि त्यावरून शहराच्या महापौरांचं डोकं फिरलं होतं.

आधी बसचा नियम समजून घेऊ, नाहीतर लोक एवढे का चिडले ते कळत नाही. बसमध्ये ३६ जागा. पुढच्या १० गोऱ्यांसाठी राखीव. त्या रिकाम्या धावल्या तरी मागे उभ्या असलेल्यांनी तिथे बसायचं नाही. मधल्या जागांचं काय करायचं ते ड्रायव्हर ठरवणार. एका गोऱ्याला मधे जागा हवी असेल तर त्या ओळीतल्या चारही कृष्णवर्णीयांनी उठायचं, कारण गोरा आणि काळा एका ओळीत बसू शकत नाहीत. भाडं मात्र पुढच्या दाराशी भरायचं, मग खाली उतरून मागच्या दाराने चढायचं. पैसे घेऊन, बाई मागच्या दाराशी पोचायच्या आत बस सोडून देणारे ड्रायव्हर होते. आणि मजा म्हणजे या बसचे तीनचतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीयच होते.

त्यातही बायकांची संख्या मोठी. १९५० च्या आकडेवारीनुसार माँटगोमेरीतल्या नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांपैकी ६३ टक्के घरकाम करायच्या. म्हणजे सकाळची बस ही मुख्यतः मोलकरणींची बस. शहराच्या एका टोकाला राहायचं, दुसऱ्या टोकाला जाऊन गोऱ्यांची मुलं न्हाऊमाखू घालायची, स्वयंपाक, धुणं, इस्त्री करून अंधार पडताना परतायचं. बसमधला अपमान त्यांना दिवसातून दोनदा ठरलेला.

रोझा पार्क्स यांची गोष्ट आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांतून सांगितली जाते ती अशी : एक दमलेली शिवणकाम करणारी बाई जागेवरून उठली नाही आणि इतिहास घडला. यातलं 'दमलेली' सोडून द्यावं हे बरं. पार्क्स नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या. ज्या ड्रायव्हरने १ डिसेंबर १९५५ ला त्यांना पोलिसांच्या ताब्यात दिलं, त्याच जेम्स ब्लेकने १९४३ मध्येही त्यांना बसमधून उतरवलं होतं. त्या वर्षी अटक झालेल्या त्या पहिल्याही नव्हेत. मार्चमध्ये क्लॉडेट कॉल्व्हिन या १५ वर्षांच्या शाळकरी मुलीला आणि ऑक्टोबरमध्ये मेरी लुईस स्मिथ या १८ वर्षांच्या मुलीला याच कारणासाठी पकडलं होतं.

बहिष्काराची कल्पनाही त्या दिवशी आकाशातून पडली नाही. मेरी फेअर बर्क्स यांनी १९४६ मध्ये 'विमेन्स पोलिटिकल काउन्सिल' ही कृष्णवर्णीय बायकांची संघटना सुरू केली होती. पुढे तिची सूत्रं जो ॲन रॉबिन्सन यांच्याकडे आली. त्या अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. १९४९ मध्ये जवळजवळ रिकाम्या बसमध्ये त्या जरा पुढे बसल्या म्हणून ड्रायव्हर अंगावर धावून आला. त्या रडत खाली उतरल्या होत्या. २१ मे १९५४ ला त्यांनी महापौर डब्ल्यू. ए. गेल यांना पत्र लिहिलं. भाषा सौम्य, पण तीनचतुर्थांश प्रवासी आम्ही आहोत आणि बसवर बहिष्कार घालण्याचा विचार संघटनांमध्ये चालू आहे, हे त्यात स्पष्ट होतं. म्हणजे पार्क्स यांच्या अटकेच्या दीड वर्ष आधी.

अटकेच्या रात्री रॉबिन्सन एका सहकाऱ्याला आणि दोन विद्यार्थ्यांना घेऊन कॉलेजात गेल्या आणि पहाटेपर्यंत सायक्लोस्टाइलवर हजारो पत्रकं काढली. कॉलेज सरकारी. कळलं असतं तर नोकरी गेली असती. सकाळी गठ्ठे गाडीत टाकून त्यांनी शाळा, दुकानं, केस कापायची दुकानं असे वाटप केले. पत्रकात सोमवारी, ५ डिसेंबरला, बसने जाऊ नका एवढंच सांगितलं होतं. सोमवारी बस रिकाम्या धावल्या. पार्क्स यांना १० डॉलर दंड आणि कोर्टाचा ४ डॉलर खर्च झाला. संध्याकाळी होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च आत-बाहेर तुडुंब भरलं, आणि २६ वर्षांच्या मार्टिन ल्यूथर किंग या नव्या पाद्र्याच्या नेतृत्वाखाली बहिष्कार पुढे चालवायचं ठरलं. तो ३८१ दिवस चालला. किंग यांचं नाव पुढे जगभर गेलं. पत्रकं छापणाऱ्या बाईंच्या आठवणी पुस्तकरूपाने यायला १९८७ साल उजाडलं.

आता मूळ प्रश्न. बाई कामावर येणार कशा? पहिले काही दिवस कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, १० सेंटमध्ये, माणसं नेली. शहराने लगेच ४५ सेंटचा किमान दर लागू करून ते बंद पाडलं. मग खाजगी गाड्यांची व्यवस्था उभी राहिली : सुमारे ३०० गाड्या, ठरलेले थांबे, वेळापत्रक. १९५३ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात असाच छोटा बहिष्कार झाला होता, त्यांच्याकडून ही युक्ती शिकून घेतली होती. चर्चच्या नावावर मोठ्या गाड्या घेतल्या. लोक त्यांना चालती चर्चेस म्हणू लागले. विमा कंपन्यांनी विमे रद्द केले तेव्हा लंडनच्या लॉइड्सकडून विमा आणला. पोलीस क्षुल्लक कारणांवरून दंडाच्या पावत्या फाडत. रॉबिन्सन यांच्या गाडीवर तर कुणीतरी ॲसिड ओतलं.

एवढं करूनही सगळ्यांना गाडी मिळत नव्हती. अनेक जणी चालत, आणि अनेकींना मालकिणी स्वतः गाडीतून आणत. जानेवारी १९५६ मध्ये महापौर गेल यांनी गोऱ्या बायकांना जाहीरपणे सांगितलं की मोलकरणींना आणणं-पोचवणं थांबवा, तुम्ही बहिष्कार जगवताय. व्हर्जिनिया डर या तिथल्याच गोऱ्या बाई. रोझा पार्क्स यांना जामिनावर सोडवायला पतीसोबत गेलेल्या. मालकिणींचं उत्तर त्यांनी पुढे सांगून ठेवलंय : महापौरांना माझं धुणं धुवायचं असेल, स्वयंपाक करायचा असेल, मुलांमागे आवरायचं असेल, तर येऊ देत, नाहीतर मी काही माझी बाई सोडणार नाही. यात समतेचं तत्त्व शोधू नये. घर अडलं होतं, एवढंच.

पण खरी गंमत त्या गाडीतल्या संभाषणात. मालकीण म्हणायची, मी बहिष्काराला मदत करत नाही, बस सुरक्षित नाही म्हणून आणते. मोलकरीण म्हणायची, आमचा बहिष्काराशी काही संबंध नाही, भानगड मिटेपर्यंत आम्ही बसपासून लांब राहतो इतकंच. दोघींना ठाऊक की समोरची थापा मारतेय. डर यांनी ओळखीतल्या एका घरच्या बाईला असं बोलताना ऐकून नंतर विचारलं, एवढं खोटं कशाला? ती म्हणाली, हात सिंहाच्या तोंडात असेल तेव्हा त्याचं डोकं थोपटावं. मला विचाराल तर आख्ख्या सिनेमाची पटकथा या एका वाक्यात आहे. व्हूपी गोल्डबर्ग ओडेसाला जवळजवळ मुकी ठेवते, मालकिणीसमोर नजर खाली, आवाज सपाट. ते लाचारीचं चित्र नाही, ते डोकं थोपटणं आहे.

सिनेमातल्या मिरियमने शेवटी उघडपणे बहिष्काराची बाजू घेतली, तिचं पुढे काय झालं ते सिनेमा सांगत नाही. खऱ्या माँटगोमेरीत उत्तर आहे. ज्युलिएट मॉर्गन या गोऱ्या ग्रंथपाल. स्वतः गाडी चालवत नसल्यामुळे त्या बसने जात आणि ड्रायव्हरांची अरेरावी रोज बघत. कृष्णवर्णीय बाईकडून पैसे घेऊन बस पुढे काढली की या साखळी ओढून बस थांबवायच्या. बहिष्काराला आठवडा होतो न होतो तोच, १२ डिसेंबर १९५५ ला, त्यांचं पत्र 'माँटगोमेरी ॲडव्हर्टायझर'मध्ये आलं. इथल्या कृष्णवर्णीयांनी गांधींकडून आणि आपल्याच थोरोकडून (सविनय कायदेभंगावर लिहिणारा अमेरिकन लेखक) धडा घेतलेला दिसतो, असं त्यांनी लिहिलं. किंग यांच्या नावाशी गांधी कायमचे जोडले जायच्या आधी हे एका गोऱ्या बाईने वर्तमानपत्रात छापून आणलं होतं. त्यानंतर फोनवर शिव्या, खिडक्यांवर दगड, मैत्रिणींचं तोंड फिरवणं. जुलै १९५७ मध्ये त्यांच्या अंगणात क्रॉस जाळला गेला, ही वर्णद्वेष्ट्यांची धमकी देण्याची रीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि त्याच रात्री आयुष्य संपवलं.

चळवळीचा निकाल शेवटी कोर्टात लागला, तोही बायकांच्या नावावर. ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडॉनल्ड, कॉल्व्हिन आणि स्मिथ अशा चौघींनी शहरावर खटला भरला. पाचवी होती, तिने दबावाखाली नाव काढून घेतलं. ५ जून १९५६ ला निकाल त्यांच्या बाजूने लागला, १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि डिसेंबरच्या २१ तारखेला लोक पुन्हा बसमध्ये चढले. पुढच्या दाराने.

सिनेमाबद्दलची जुनी तक्रार अशी की गोष्ट मिरियमची मोठी झालेली मुलगी सांगते, आणि हळूहळू ती ओडेसाची न राहता मिरियमच्या जागं होण्याची होते. तक्रार रास्त आहे. माँटगोमेरीत जॉर्जिया गिलमोर नावाच्या आचारीण होत्या. त्यांच्यावर सिनेमा काढायला दुसरी कुठली पात्रं लागलीच नसती. एका खानावळीत कामाला, धिप्पाड, बोलायला फटकळ. मार्च १९५६ मध्ये किंग यांच्यावर बहिष्कार चालवल्याबद्दल खटला चालला तेव्हा त्यांनी साक्ष दिली : ड्रायव्हरने पैसे घेतले आणि मला मागच्या दाराशी पाठवून बस नेली, गल्ला मोजताना यांना काळ्याचा पैसा कुठला आणि गोऱ्याचा कुठला ते काही कळत नाही. साक्षीनंतर नोकरी गेली. मग त्यांनी घरातच चूल मांडली. किंग स्वतः तिथे जेवायला येत.

बायका जमवून त्या तळलेलं चिकन, सँडविच, गोड 'पाय' (pie) आणि केक करून विकायच्या, अगदी गोऱ्यांनाही, आणि जमा पैसा सभेत बहिष्काराच्या खर्चाला द्यायच्या. गटाचं नाव 'द क्लब फ्रॉम नोव्हेअर'. पैसे कुठून आले असं विचारलं तर उत्तर खरंच द्यायचं : कुठूनही नाही. कुणाचं नाव नाही, त्यामुळे कुणाची नोकरीही जात नाही. गाड्यांचं पेट्रोल काही अंशी या केकवर चाललं.

आणि आता बाग. १९५७ मध्ये गिलमोर यांचा मुलगा कामावर जाताना जवळची वाट म्हणून ओक पार्कमधून गेला. बाग गोऱ्यांची होती. पोलिसांनी त्याला मारलं. घरी येऊन माफी मागायला कुणी आलं नाही. गिलमोर यांनी माँटगोमेरी शहरावर खटला भरला. कोर्टात हार होणार हे दिसू लागलं तेव्हा शहराने सर्वांसाठी बागा खुल्या करण्याऐवजी १ जानेवारी १९५९ पासून सगळ्याच बागा बंद करून टाकल्या, गोऱ्यांसाठीसुद्धा. पोहण्याचे तलाव बुजवले, ओक पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयातले प्राणी काढून टाकले. बागा पुन्हा उघडल्या त्या १९६५ मध्ये. खटल्याचे धागे पुढेही चालू राहिले आणि १९७४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं, तेव्हाही त्याचं नाव तेच होतं : गिलमोर विरुद्ध माँटगोमेरी शहर.

जॉर्जिया गिलमोर मार्च १९९० मध्ये वारल्या. कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाला त्या महिन्यात २५ वर्षं होत होती, आणि त्या सोहळ्याला येणाऱ्यांसाठी त्यांनी स्वयंपाक करायला घेतला होता. तेच जेवण त्यांच्या घरी सांत्वनाला आलेल्यांना वाढलं गेलं.