शर्यतखेळांचे घरगुती यजमानपद आणि अपलोड-नियमन

घरच्या इंटरनेट जोडणीवर ऑनलाइन शर्यतखेळाचा सर्व्हर चालवताना घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीचा, म्हणजेच अपलोडचा, खरा वेग आधी मोजावा लागतो. त्याला मुद्दाम मर्यादा घालून, गाड्यांची संख्या आणि पॅकेटे, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, पाठवण्याची वारंवारता त्या मर्यादेत बसवण्याच्या तंत्राला अपलोड-नियमन असे म्हणतात. गोव्यात फायबर जोडणी गावोगाव पोहोचल्यापासून फोंडा, म्हापसा, डिचोली, मडगाव अशा ठिकाणी मित्रमंडळींची शर्यत स्वतःच्या घरून भरवणे शक्य झाले आहे. तरीही ती शर्यत खेळण्याजोगी होईल की नाही, हे जोडणीच्या जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा यजमानाने केलेल्या या जुळणीवर अधिक अवलंबून असते.

शर्यतखेळ विलंबाच्या बाबतीत विशेष नाजूक असतो. ताशी २५० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे ६९ मीटर अंतर कापते. म्हणजे तिची जागा सांगणारे पॅकेट १०० मिलिसेकंद उशिरा आले, तर तेवढ्या वेळात ती सात मीटर पुढे गेलेली असते. दोन पॅकेटांमधला काळ प्रत्येक खेळाडूचा संगणक अंदाजाने भरून काढतो. शेवटची माहीत असलेली जागा, वेग आणि दिशा यांवरून गाडी आता कुठे असावी, हे तो ठरवतो. या पद्धतीला डेड रेकनिंग म्हणतात आणि हा शब्द मुळात दर्यावर्दी लोकांचा आहे. पॅकेटे ठरावीक अंतराने येत राहिली तर अंदाज चांगला जमतो. ती कधी लवकर, कधी उशिरा आली, तर समोरची गाडी जागच्या जागी थरथरते किंवा एकदम उडी मारते, आणि ज्याने वळणावर अगदी वेळेवर ब्रेक लावला त्यालाच मागून धडक बसते. म्हणून एकसारखा ६० मिलिसेकंदांचा विलंब सहज चालून जातो. मात्र २० ते १५० यांच्यामध्ये हेलकावे खाणारा विलंब शर्यत बिघडवतो.

सगळा भार अपलोडवर का पडतो, हे हिशेब मांडला की लगेच दिसते. समजा, एका गाडीची स्थिती सांगायला ६० बाइट लागतात, यूडीपी आणि आयपी या माहिती पाठवण्याच्या पद्धतींची शीर्षके (पॅकेटावरचा पत्ता वगैरे मजकूर) मिळून २८ बाइट होतात आणि सर्व्हर सेकंदाला १८ वेळा माहिती पाठवतो. कुनोस सिम्युलात्सियोनी या इटालियन कंपनीच्या, २०१४ साली पूर्णत्वाला आलेल्या ‘असेत्तो कोर्सा’ या खेळाच्या सर्व्हरमध्ये मुळात हाच १८ हर्ट्‌झचा दर दिलेला असतो. बारा खेळाडू असतील, तर प्रत्येकाला उरलेल्या अकरा गाड्यांची माहिती हवी; एका पॅकेटात ६८८ बाइट, प्रत्येक खेळाडूमागे सुमारे ९९ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) आणि बाराजणांचे मिळून जवळजवळ १.२ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) एवढा प्रवाह घरातून बाहेर जातो. याच वेळी आत येणारा प्रवाह मात्र जेमतेम १५२ केबीपीएस असतो, कारण प्रत्येक खेळाडू फक्त स्वतःच्या गाडीची खबर देतो. खेळाडू दुप्पट, म्हणजे चोवीस केले, की आतला प्रवाह दुप्पट होतो, पण बाहेरचा सुमारे ४.९ एमबीपीएसवर, म्हणजे चौपटीच्याही थोडा वर जातो. सव्विसाव्या गाडीला आणखी एक अडचण उभी राहते. पॅकेट १५२८ बाइटांचे होते, आणि पीपीपीओई या, नाव-संकेतशब्द देऊन सुरू होणाऱ्या, पद्धतीच्या जोडणीत एका वेळी १४९२ बाइटच मावतात. पॅकेटाचे दोन तुकडे होतात आणि त्यांतला एक हरवला तरी दुसरा निरुपयोगी ठरतो. खेळागणिक हे आकडे बदलतात, मात्र गाड्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात अपलोड वाढतो हा नियम बदलत नाही.

अपलोडकडे दुर्लक्ष होण्याची परंपरा जुनी आहे. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. पुढे आलेल्या व्ही.९० मोडेममध्ये आत येणाऱ्या माहितीला ५६ केबीपीएस, तर बाहेर जाणारीला ३३.६ केबीपीएस एवढीच वाट होती. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएस ही किमान गती ठरली, २०१३ मध्ये ती ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली. परंतु या सर्व व्याख्या डाउनलोडच्याच आहेत. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या एडीएसएल जोडणीवर खेळ भरवणाऱ्याला याचा जाच रोजचा होता. त्याच काळातल्या ‘आरफॅक्टर’सारख्या खेळांत जोडणीचा प्रकार निवडण्याची सोय होती. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट आणि फाइल उतरवताना दिसणारा आकडा मेगाबाइटचा, हा आठपटीचा फरक विसरून भरलेली मर्यादा आजही कित्येक बिघाडांच्या मुळाशी सापडते.

आता फायबरमुळे क्षमता मुबलक आहे; एका फायबरच्या शाखा अनेक घरांत नेणाऱ्या जीपॉन पद्धतीत एका शाखेवरच्या सर्व घरांना मिळून बाहेरच्या दिशेने १.२४४ जीबीपीएस मिळतात, आणि अनेक योजनांत घरापुरता अपलोड डाउनलोडइतकाच असतो. असे असूनही शर्यत अडखळते, कारण रस्ता अरुंद नसला तरी त्यावर रांग लागते. चवथीच्या दिवसांतले कोणतेही गोमंतकीय घर डोळ्यांसमोर आणावे. मुंबई-पुण्याहून भावंडे आलेली आहेत, माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट, बांधून झाली आहे, आणि दहाबारा फोन तिचे व्हिडिओ एकाच वेळी वर चढवत आहेत. ही चढाई टीसीपी या, पोहोच तपासत माहिती पाठवणाऱ्या, पद्धतीने होते, आणि टीसीपीचा स्वभावच असा, की पॅकेट गळेपर्यंत तो वेग वाढवत राहतो. राउटरमधली साठवण मोठी असली, की पॅकेटे गळण्याऐवजी रांगेत थांबतात, आणि शर्यतीचे छोटे पॅकेट त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहते. २५६ केबीपीएसच्या जुन्या जोडणीवर ६४ किलोबाइटांची रांग रिकामी व्हायला दोन सेकंद लागत. आजच्या वेगात हा काळ कमी झाला आहे, पण तेवढ्याने प्रश्न मिटलेला नाही. या दोषाला बफरब्लोट म्हणतात. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास तो लोकांसमोर आणला. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही रांग आटोक्यात ठेवण्याची रीत मांडली, आणि तिच्यावर आधारलेली एफक्यू-कोडेल ही पद्धत २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदली गेली.

नियमनाचे मर्म येथे आहे. रांग सेवादात्याच्या यंत्रात लागली तर तिच्यावर आपला काही इलाज चालत नाही. ती आपल्या राउटरमध्ये लागली तर कोणाला पुढे सोडायचे हे आपण ठरवू शकतो. त्यासाठी राउटरमधली अपलोड-मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी, साधारणपणे ८५ ते ९० टक्के ठेवावी आणि एसक्यूएम ही रांग सांभाळणारी सोय चालू करावी. ओपनडब्ल्यूआरटी प्रणालीवर चालणाऱ्या राउटरांत ती मिळते, आणि २०१८ पासून लिनक्स कर्नेलमध्ये असलेली केक ही रीत त्यात निवडता येते. मोजणी मात्र दुपारच्या निवांत वेळी करू नये. शर्यत रात्री नऊनंतर भरणार असेल, तर त्याच वेळी, शक्यतो रविवारी, सलग काही दिवस मोजावे आणि त्यांतला सर्वांत कमी आकडा धरावा. सरासरी धरण्याचा मोह होतो, पण ज्या रात्री वेग सरासरीच्या खाली येतो त्याच रात्री बारा माणसांची शर्यत वाया जाते. समजा, सर्वांत कमी अपलोड १० एमबीपीएस भरला, तर मर्यादा ८.५ ठेवावी, त्यातले दोन-तीन घरच्यांसाठी सोडावेत आणि उरलेल्यात गाड्यांचा हिशेब बसवावा. यजमान स्वतः शर्यतीचे थेट प्रक्षेपणही करत असेल, तर ते प्रक्षेपणच काही एमबीपीएस अखंड खात राहते. ते आधी वजा करावेत. जागा कमी पडली, तर वारंवारता घटवण्यापूर्वी गाड्या कमी कराव्यात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १८ हर्ट्‌झला दोन पॅकेटांमध्ये गाडी चार मीटरांच्या आत राहते, तर १२ हर्ट्‌झला ती सहा मीटरांच्या जवळ जाते, आणि एवढ्या अंतरात आख्खी गाडी मावते.

जुळणी जमली की नाही, हे तपासायला महागडे साधन लागत नाही. एका खिडकीत राउटरच्या पलीकडच्या पत्त्याला सतत पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांची मोजणी, चालू ठेवावे आणि दुसरीकडे एखादी मोठी फाइल वर चढवायला लावावी. फाइल चढत असताना पिंग १० वरून १५ वर गेला तर मर्यादा बरोबर आहे. तो शंभरी ओलांडत असेल तर मर्यादा आणखी खाली आणावी. ही तपासणी केबलवरूनच करायला हवी. गोव्यातल्या जुन्या चिरेबंदी घरांच्या भिंती इतक्या जाड असतात, की वसऱ्यात बसवलेल्या राउटरचे वायफाय माजघरापलीकडे क्षीण होते, आणि मग वायफायचे हेलकावे अपलोडच्या माथी मारले जातात.

वेग बरोबर असूनही बाहेरच्यांना सर्व्हर दिसत नसेल, तर बहुधा सीजीनॅट हे कारण असते. आयपीव्ही४ पद्धतीचे इंटरनेट-पत्ते अपुरे असल्यामुळे अनेक सेवादाते एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतात. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तो २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवलेल्या गटातला समजावा. अशा वेळी राउटरमध्ये ९६०० क्रमांकाचे यूडीपी व टीसीपी पोर्ट (माहितीच्या ये-जा करण्याचे दार) आणि ८०८१ हे एचटीटीपी पोर्ट उघडूनही ‘असेत्तो कोर्सा’चा सर्व्हर बाहेरून गाठता येत नाही. जास्तीचे शुल्क भरून स्थिर सार्वजनिक पत्ता घेणे हा यावरचा सरळ मार्ग आहे.

अंतराचा विलंब यजमानाला कमी करता येत नाही, पण तो ओळखता यावा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हापसा आणि मडगाव येथील दोन खेळाडूंचे सेवादाते वेगळे असले, तर त्यांची पॅकेटे अनेकदा राज्याबाहेरच्या केंद्रात एकमेकांना भेटतात. ती मुंबईमार्गे गेली तर शेजारच्या तालुक्यातल्या मित्रापर्यंत जाऊन यायला निव्वळ प्रकाशाच्याच वेगाने १२ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे जवळच्या मित्राचा पिंग २० दिसला म्हणून राउटरच्या मर्यादेत फेरफार करत बसू नये.

पावसाळ्यात सगळी मोजणी पुन्हा करावी लागते. माडांच्या झावळ्या पडून खांबांवरून गेलेल्या तारा तुटतात, आणि तेवढ्यापुरता मोबाइलच्या डोंगलवर सर्व्हर चालवला तर फायबरसाठी ठरवलेली मर्यादा तेथे लागू पडत नाही, कारण त्याचा अपलोड मिनिटामिनिटाला बदलतो. वीज क्षणभर गेली तरी इन्व्हर्टर चालू होईपर्यंत काही ठिकाणी ओएनयू (फायबर घरात जोडून घेणारे यंत्र) आणि राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतात; पीपीपीओई जोडणी नव्याने होते, पत्ता स्थिर नसेल तर बदलतो, आणि सगळे खेळाडू एकदमच बाहेर फेकले जातात. डायनॅमिक डीएनएस, म्हणजे बदलत्या पत्त्याला कायमचे नाव देणारी सेवा, घेतले असेल तर ते नव्या पत्त्यावर परत येऊ शकतात, पण अर्धी झालेली शर्यत परत मिळत नाही. म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथे सर्व्हर चालवणाऱ्याने या दोन्ही यंत्रांना १२ व्होल्टचा लहान यूपीएस, प्रत्येकाची वीजगरज पाहून, कायमचा जोडून ठेवावा.